कोसारा बाईंची टाचणाची दोरी

यासेनोवोच्या शाळेला शेवटचं कुलूप मीच लावलं. किल्ली माझ्याकडेच असायची. पस्तीस वर्षं त्या शाळेची शेगडी मी पेटवली, घंटा मी वाजवली, फरशी मी पुसली, आणि पोरांची नाकंही बरीचशी मीच पुसली. खालच्या गावच्या मोठ्या शाळेचा माणूस ट्रॅक्टर घेऊन सामान न्यायला आला तेव्हा त्यानं बाकं, फळा, नकाशे, सगळ्याची यादी केली. मागच्या भिंतीवर चार सुतळ्या ताणलेल्या होत्या, त्यांवर लाकडी चिमटे. त्यांच्याकडे बघून तो म्हणाला, "मावशी, तुमची कपडे वाळत घालायची दोरी तुम्हीच ठेवा."

"ठेवते," मी म्हटलं. "तुझ्या यादीत मावायची नाहीच ती."

त्याला समजावत बसण्यात अर्थ नव्हता. त्या दोरीवर एकोणतीस वर्षं आमच्या गावची पोरं शिकली. आज ती माझ्या कपाटात आहे, सणाच्या टेबलक्लॉथच्या खाली. कधीतरी काढते, बघते आणि परत ठेवते. म्हाताऱ्या बाईला एवढा चाळा पुरतो.

कोसारा बाई येण्याआधी सहा वर्षांत आमच्याकडे नऊ मास्तर होऊन गेले. एक जण दाढ दुखते म्हणून शहरात गेला, त्यानं दाढेबरोबर नोकरीही उपटून टाकली असावी, कारण परत दिसलाच नाही. एकानं पहिला बर्फ पडताना खिडकीतून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची खोली रिकामी. एक बाई बरी होती, पण तिला ईस्टरला नवरा मिळाला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमच्याकडे नव्याला तेवढेही मिळत नसत. नुकसान पोरांचं व्हायचं. माझी स्मिल्या दुसरीत गेली तरी तिला वाचता येत नव्हतं. येत नव्हतं हे मला उशिरा कळलं, कारण ती घडाघडा वाचायची. एकदा मी तिचं पुस्तक उलटं करून दिलं, तरी ती घडाघडाच वाचत राहिली. सगळं पुस्तक तोंडपाठ होतं. त्या दिवशी मी तिला रागानं एक चापट मारली, आणि मग मागच्या अंगणात जाऊन स्वतः रडले. चूक तिची थोडीच होती?

एकोणीसशे सहासष्ट साली शाळा सुरू होऊन दीड महिना झाला तरी मास्तर नव्हता. चौदा ऑक्टोबरला लाकडं न्यायच्या ट्रकमधून एक मुलगी उतरली. बावीस वर्षांची, बारीक, पायात शहरी बूट, एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात दोरीनं बांधलेल्या नव्या कोऱ्या वह्या. सपाटीवरची पोर, आमची चढण बघूनच तिचा चेहरा उतरला होता. मी मनात म्हटलं, ही दहावी. बर्फापर्यंत टिकली तर खूप.

"मी कोसारा," ती म्हणाली. "तुम्ही?"

"मी स्तोयांका. पोरं मावशी म्हणतात. त्या वह्या इतक्या कशाला, बाई? चुलीसाठी आमच्याकडे लाकूड आहे."

"टाचणाच्या आहेत," ती गंभीरपणे म्हणाली. तिला चेष्टा कळली नाही. पहिल्या महिन्यात तिला कुणाचीच चेष्टा कळायची नाही.

शाळा म्हणजे एकच खोली आणि तीत चार इयत्ता. सत्तावीस पोरं. खिडकीकडे पहिली, शेगडीकडे चौथी. बाई एका इयत्तेला शिकवणार, तोवर बाकीच्या तिघींनी गप बसून आपलं आपलं काम करायचं. हे सगळं आदल्या आठवड्यातच टाचणवहीत लिहून काढायचं: कुठल्या तासाला कोण शिकणार, कोण लिहीत बसणार, किती मिनिटं. दर शुक्रवारी ती वही खालच्या गावच्या मुख्याध्यापकाकडे जायची आणि सोमवारी लाल शाईत न्हाऊन परत यायची. ‘नियोजनापेक्षा तीन पाठ मागे. कारण?’ तो स्वतः कधी वर आला नाही. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस.

कोसारा बाईंचं अक्षर छापल्यासारखं होतं. शाळा सुटल्यावर त्या दोन-दोन तास बसून रकाने आखायच्या, हिरव्या-निळ्या शाईनं भरायच्या. आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजायच्या आत त्या रकान्यांची वाट लागलेली असायची. वरच्या वाडीची पोरं ओढ्याला पाणी म्हणून आली नाहीत. तिसरीची सगळी मुलं आलुबुखार वेचायला गेली. पहिलीच्या पोरांचं गप काम पाच मिनिटांत संपलं आणि ती बाकाखाली मांजर-मांजर खेळायला लागली. मग बाई इकडे धावायच्या, तिकडे धावायच्या. एक ना धड, भाराभर चिंध्या. संध्याकाळी वहीचं पान फाडून परत पहिल्यापासून लिहायचं.

आणि वेळ हातात नव्हता. पहिलं वर्ष नोकरी कच्ची असते. डिसेंबरात निरीक्षक येणार, पाठ बघणार, शेरा देणार. शेरा वाईट आला तर बाईंना जावं लागणार होतं. ते त्यांचं झालं. पण जिल्ह्याच्या कचेरीनं गावाला आधीच सांगून ठेवलं होतं: ही बाई टिकली नाही तर दुसरी मिळणार नाही, पोरांनी खालच्या गावी जायचं. अकरा किलोमीटर. सात वर्षांच्या पोरानं, जानेवारीत. म्हणजे कुणीही जाणार नव्हतं, हे कचेरीलाही माहीत होतं. माझी स्मिल्या ते एकच पुस्तक पाठ म्हणत मोठी झाली असती.

एकवीस नोव्हेंबरची गोष्ट. चौथीला भागाकार सुरू करायचा होता. बाईंनी तीन दिवस तयारी केली होती. काटक्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या होत्या, चेस्टनट मोजून पिशव्यांत भरले होते. मी घंटा वाजवली आणि सत्तावीस पोरांतली अकरा आत आली. चौथीतलं एकच.

बाईंनी शाळा चालवली, पण सुटल्यावर टेबलावर डोकं टेकून बसल्या. "माझं काय चुकतं, मावशी? मी इतकं ठरवते, इतकं लिहिते. आज आजार नाही, पाऊस नाही. कुठे गेली सगळी?"

"घरी. आज मिहाइलोचा दिवस. तोमिचांच्या चारही घरांचा स्लावा आहे. आणि त्यांचे सोयरे तिकडे जेवायला. मिहाइलोच्या दिवशी भागाकार कोण ठेवतं, पोरी?"

मी तिला पोरी म्हणाले, ते तेव्हा पहिल्यांदा. तिनं डोकं वर केलं. स्लावा तिला ऐकून माहीत होता, म्हणजे प्रत्येक कुळाचा एक संत, त्याचा ठरलेला दिवस, त्या दिवशी घरात मेणबत्ती, गोल भाकरी, उकडलेले गहू आणि दारात पाहुण्यांची रीघ. पण तिचा बाप कम्युनिस्ट पार्टीचा मोठा माणूस. युद्धानंतर त्यानं घरातला संत भिंतीवरून उतरवला तो उतरवलाच. त्या काळी सरकारी माणसाच्या तोंडी संताचं नाव आलं की बढती गेली म्हणून समजा. शिक्षकाच्या तोंडी आलं तर नोकरीच.

"मला कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली.

"तुम्ही विचारलं का नाही? तुम्ही वहीला विचारत बसलात."

हे मी जरा तोडूनच बोलले. माझी जीभ अशीच आहे. सासू म्हणायची, स्तोयांकाला जीभ द्यायच्या दिवशी देवाकडे कोयताच तेवढा शिल्लक होता. पण मी बोलले आणि उठून पोरांच्या मोज्यांकडे वळले, कारण ते काढायचे राहिले होते.

मोज्यांचं सांगायला हवं. पोरं सकाळी भिजून यायची. मी शेगडीवर एक दोरी बांधली होती, तिच्यावर सगळ्यांचे लोकरीचे मोजे चिमट्यांनी अडकवायचे. पोरं घरी गेली तरी कुणाचा ना कुणाचा विसरलेला जोड मागे राहायचा. बाई बघत होत्या. अचानक म्हणाल्या, "मावशी, तुम्ही हे मोजे सारखे सरकवता का? सकाळी हा टोकाला होता."

"वरच्या वाडीच्या पोरांना दीड तास चालायचं असतं. त्यांचे मोजे शेगडीच्या बरोबर वर. शेजारच्यांचे टोकाला, ते ओले घालून पळाले तरी चालतं. वरच्या वाडीची पोरं आली नाहीत तर मग त्या जागी दुसऱ्यांचे. कोण आलंय ते बघून सरकवायचे. त्यात काय एवढं?"

"आणि आदल्या आठवड्यात वहीत लिहून ठेवलंत तर?"

"तर पोरांचे पाय गारठतील. मोजे काय वही वाचतात?"

ती हसली. यासेनोवोत आल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली. मग मात्र तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तिनं बुटांची पुठ्ठ्याची खोकी मागवली, कात्रीनं ढीगभर पट्ट्या कापल्या. एका पट्टीवर एका इयत्तेचा एक पाठ. बाई स्वतः शिकवणार तो पाठ निळ्या काठाचा. पोरांनी आपलं आपलं करायचं काम बिनकाठाचं. मागच्या भिंतीवर चार सुतळ्या ताणल्या, प्रत्येक इयत्तेची एक, आणि पट्ट्या चिमट्यांनी अडकवल्या. नियम एकच: एका उभ्या ओळीत, म्हणजे एका तासाला, निळी पट्टी एकापेक्षा जास्त नको. नजर टाकली की कळायचं. कुणी आलं नाही तर पट्टी उचलायची, पुढे सरकवायची. फाडाफाडी नाही, शाई नाही, रडणं नाही.

"आता तुमचे दिवस सांगा," ती मला म्हणाली. "सगळ्या घरांचे."

गावात सोळा घरांतून पोरं यायची. मी घरं सांगत गेले आणि ती सुतळीवर त्या-त्या दिवसापाशी लाल लोकरीची गाठ मारत गेली. संताचं नाव कुठेही लिहायचं नाही, हे मीच सांगितलं. गाठ बघून कुणाला काय कळणार? नवं काही शिकवायचं ते गाठ नसलेल्या दिवशी. गाठीच्या दिवशी उजळणी. सण असलेल्या घराच्या पोराला आदल्या दिवशीच त्याची पट्टी देऊन ठेवायची. आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी चौथीला अपूर्णांक, कारण त्या दिवशी कुणी ना कुणी सणाची गोल भाकरी आणायचंच. ती आमच्यात आडवी-उभी कापून चार भाग करून वाटतात. पाव आणि अर्धा शिकायला आणखी काय लागतं?

सोळा घरं संपली. माझ्या हातात पांढऱ्या लोकरीचा तुकडा उरला होता. मी म्हटलं, "आणि तुझा?"

"आमच्याकडे नसतो, मावशी. माहीत आहे ना तुम्हाला."

"चौदा ऑक्टोबर गावात कुणाचाच नाही. तो देवमातेच्या पदराचा दिवस, बायकांचा. त्या दिवशी तू आलीस. तो तुझा." आणि मी पहिल्या सुतळीच्या सुरुवातीजवळ, चौदा ऑक्टोबरपाशी, पांढरी गाठ मारली. "ज्याला दिवस नाही त्याला घर नाही, असं आमच्यात म्हणतात."

तिनं क्षणभर ती गाठ बघितली. मग नखानं हळूच सोडवली आणि लोकर माझ्या हातात परत दिली. "नको, मावशी. मी इथं राहणार की नाही ते मलाच माहीत नाही. उगीच कशाला?"

खोटं बोलली नाही, म्हणून मला राग आला नाही. पण वाईट वाटलं. लोकर मी एप्रनच्या खिशात टाकली.

पुढचे चार आठवडे मी त्या खोलीत जे पाहिलं ते आधीच्या सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. पोरं आली की आधी मागच्या भिंतीपाशी पळायची, आपल्या सुतळीवरची पट्टी काढून घ्यायची, वाचायची, कामाला लागायची. स्मिल्यालाही पट्टी वाचावी लागे. आणि पट्टी रोज नवी! पाठ करायला वेळच नाही. पहिल्या दिवशी ती पट्टी हातात धरून ओठ हलवत उभी राहिली आणि काहीच निघेना, तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी तिला काही म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिच्या पट्टीवर दोनच शब्द लिहायला लागल्या. मग तीन. मग एक ओळ. मी शेगडीत लाकडं घालायच्या निमित्तानं तिथंच घुटमळायची.

टाचणवही मात्र पूर्वीसारखीच सुंदर भरून खाली जात होती, कारण मुख्याध्यापकाला सुतळी टपालानं पाठवता येत नव्हती. वहीत एक आणि भिंतीवर दुसरं. बाईंना ते खुपायचं, पण काय करणार?

डिसेंबरात पत्र आलं: निरीक्षक एकोणीस तारखेला येतील.

पत्र वाचून मी खालीच बसले. एकोणीस डिसेंबर म्हणजे संत निकोलाचा दिवस. सोळा घरांपैकी नऊ घरांचा स्लावा. आमच्यात म्हणतात, निकोलाला अर्धा देश यजमान आणि उरलेला अर्धा पाहुणा. माझं घरही निकोलाचंच.

"मी घरोघर जाते," मी म्हटलं. "दोन तासांसाठी पोरं पाठवा म्हणून सांगते."

"नाही," बाई म्हणाल्या.

"अगं, रिकामे बाक बघून तो तुला घरी पाठवेल!"

"पाठवू दे. मावशी, आजवर मी गावाला माझ्या वहीप्रमाणे वागायला लावत होते. आता दोरी गावाप्रमाणे आहे. निरीक्षकासाठी ती उलटी फिरवायची म्हटलं तर दोरी तरी कशाला बांधली?"

तरी मी सासूला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "तुझ्या साहेबासाठी मी संताला दारात थांबवू काय? आधी ते मासे साफ कर." निकोला नाताळाआधीच्या उपासात येतो, म्हणून आमच्याकडे मासे आणि तेलातली घेवड्याची भाजी. मी सकाळी मासे साफ केले, पाहुण्यांची भांडी मांडली आणि सासूची नजर चुकवून शाळेत पळाले.

निरीक्षक बर्फातून चालत आले, कारण बस खालीच थांबली होती. पेयोविच साहेब. पन्नाशीचा माणूस, लांब काळा ओव्हरकोट, भुवयांवर बर्फ. खोलीत सात पोरं होती. त्यांनी ओव्हरकोट काढला नाही, मागच्या बाकावर बसले आणि टाचणवही उघडली.

बाई सात पोरांना उजळणी देत होत्या. पोरं आपापल्या पट्ट्या घेऊन कामाला लागली. कुणी कुजबुजलंसुद्धा नाही. अर्ध्या तासानं साहेब म्हणाले, "बाई, वहीत आज चारही इयत्तांना नवा पाठ आहे. मला तर एकही नवा दिसला नाही."

बाईंनी खडू खाली ठेवला. मग सरळ म्हणाल्या, "वही तुमच्यासाठी आहे, साहेब. पोरांसाठी हे." आणि भिंतीकडे हात केला.

साहेब उठले. सुतळ्यांपाशी बराच वेळ उभे राहिले. एक पट्टी उचलून पुढे सरकवून पाहिली, परत जागेवर ठेवली. मग त्यांनी लाल गाठीवर बोट ठेवलं. "हे काय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगितलं तर नोकरी गेली, आणि खोटं तर त्या पोरीला येतच नव्हतं. म्हणून ते माझ्यावर आलं. मी शेगडीपासून ओरडले, "धुराडं, साहेब! धुराडं साफ करायचे दिवस. त्या दिवशी धूर होतो, म्हणून पोरं कमी येतात. गाठी मी मारल्यात."

"आठ नोव्हेंबर, सोळा नोव्हेंबर, एकवीस नोव्हेंबर," साहेब सुतळीवरून बोट फिरवत म्हणाले. "आज एकोणीस डिसेंबर, ही तर केवढी मोठी गाठ. आणि पुढे सहा मे. मे महिन्यात शेगडी पेटवता तुम्ही?"

"डोंगरात गारठा असतो, साहेब."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि माझी स्मिल्या आत आली. अंगात सणाचा फ्रॉक, वेण्यांना रिबिनी, हातात कागद आणि पट्टी. "आई, आजी म्हणते पाहुणे आले आणि तू कुठे मेलीस!" मग तिला साहेब दिसले, आणि हिला वाटलं की हा माणूस पट्ट्या तपासायला आलाय. तिनं टाचा जुळवल्या, पट्टी डोळ्यांसमोर धरली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली: "आज तुमच्या घरी सण आहे. पाहुणे किती आले ते लिहा. किती उठून गेले ते लिहा. किती उरले?"

एक अक्षर अडलं नाही. मी तिथेच, हातात राखेचं फावडं घेऊन, रडायला लागले. सगळं उघडं पडलं होतं, बाईंची नोकरी गेल्यात जमा होती, शाळा जाणार होती, आणि माझी पोरगी वाचत होती. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

साहेबांनी स्मिल्याच्या हातातला कागद घेतला. "अठरा आले. पाच गेले. तेरा उरले," त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, तुमच्याकडे धुराडं साफ करायला अठरा माणसं लागतात?"

मी फावडं खाली ठेवलं.

साहेब लहानशा बाकावर बसले. स्मिल्याचा कागद घडी करून तिला परत दिला. मग हळूच म्हणाले, "आमच्या गावीही आज धुराडंच साफ होतं. आई एकटीच करते. मी दरवर्षी आजच्या दिवशी तपासणी लावून घेतो, जितक्या लांब मिळेल तितक्या लांब. म्हणजे घरी का नव्हतो ते कुणी विचारत नाही. आणि घरी का होतो तेही नाही."

मी एप्रनला हात पुसले आणि पळत घरी गेले. येताना एका ताटलीत उकडलेले गहू आणले, वर अक्रोड पेरलेले. साहेब उभे राहिले. कोटाचं बटण लावावं तशी त्यांनी छातीपाशी एवढीशी क्रुसाची खूण केली, एक चमचा खाल्ला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पोरांना मी बाहेर बर्फात पिटाळलं. मोठ्या माणसाचं तोंड अशा वेळी पोरांनी बघू नये.

शेऱ्यात त्यांनी लिहिलं ते मला आजही पाठ आहे: ‘जोडवर्गाचे नियोजन स्थानिक परिस्थितीस अत्यंत अनुरूप. धुराड्याच्या सफाईमुळे उपस्थिती अल्प. शिक्षिका कायम करावी.’ पुढे मुख्याध्यापकाचं पत्र आलं, धुराड्यात एवढा काय बिघाड आहे म्हणून. त्याला उत्तर मीच लिहायला लावलं. म्हटलं, बिघाड काही नाही, धुराडं फार जुनं आहे.

आता कोणी म्हणेल, झालं, शाळा वाचली. तसं नव्हतं. शेरा चांगला आला म्हणजे बाईंना आता कुठेही जाता येत होतं. जूनमध्ये वडिलांचं पत्र आलं. त्यांनी ओळख लावून नोवी सादला, घरापासून दहा मिनिटांवर, नळ-दिवे असलेल्या शाळेत जागा बघून ठेवली होती. एकच इयत्ता. बाईंनी पत्र मला वाचून दाखवलं आणि घडी करून ठेवलं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. शाळा सुटली, ती पेटी घेऊन ट्रकमध्ये बसली. जाताना एवढंच म्हणाली, "मावशी, दोरी उतरवू नका. नुसतं फडकं मारा."

मी म्हटलं, "बरं." आणि मनात म्हटलं, अकराव्यासाठी ठेवायला सांगतेय. चांगल्या मनाची पोर.

दोन आठवडे मला तिकडे जाववेना. शेवटी जुलैत एका दुपारी फडकं घेऊन गेले. आधी सुतळ्यांकडे बघितलंच नाही, खिडक्या पुसल्या, बाकं पुसली. मग भिंतीपाशी आले. जुन्या पट्ट्या नव्हत्या. नव्या होत्या, पुढच्या वर्षाच्या, सप्टेंबरपासूनच्या. आणि तिसरीच्या सुतळीवर पहिली पट्टी होती तिच्यावर लिहिलं होतं: ‘स्मिल्यानं पहिलीला गोष्ट वाचून दाखवायची.’

लाल गाठी होत्याच. मी बोटानं मोजत गेले. पहिल्या सुतळीच्या सुरुवातीजवळ, चौदा ऑक्टोबरपाशी, पांढरी गाठ होती. माझ्या हातची नव्हे. माझा पांढरा तुकडा अजून एप्रनच्या खिशात होता. ही दुसऱ्या लोकरीची होती, शहरातल्या पोरी बुटाला मारतात तशी फुलाची गाठ, जरा सैल, पण नीट बसलेली.

मी फडकं टाकलं आणि पहिलीच्या बाकावर बसून राहिले. घरी गेले तेव्हा सासू म्हणाली, "भूत बघून आलीस काय?" मी म्हटलं, "नाही, बाई बघून आले."

एक सप्टेंबरला ती आली, पायात जाड डोंगरी बूट घालून. पुढची अठ्ठावीस वर्षं ते बूट बदलले, बाई तीच. लग्न केलं नाही. मागणी आली नाही असं नाही, पण ती मजेत म्हणायची की माझ्या चार सुतळ्यांवर पाचवी बसत नाही. तिच्या बापानं तीन वर्षं पत्र लिहिलं नाही, आणि चौथ्या वर्षी चौदा ऑक्टोबरला स्वतःच आला, टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. मी गव्हाची ताटली पुढे केली. त्यानं खाल्ले.

स्लावा आमच्यात बापाकडून मुलाकडे जातो. ज्याला मूल नाही त्याचा दिवस त्याच्याबरोबर संपतो. बाई वारल्या त्या वर्षी मीही तसंच समजून बसले होते. पण तेरा ऑक्टोबरच्या संध्याकाळी चाचाक शहरातून स्मिल्या आली. तीही आता शिक्षिका आहे आणि तिच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवरही सुतळ्या आहेत. तिच्या मागून तोमिचांचा थोरला आला, मग वरच्या वाडीची भावंडं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सकाळपर्यंत माझ्या घरात एकवीस माणसं होती. मेणबत्ती लावायची वेळ आली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण ती वारसानं लावायची असते, आणि बाईंचा वारस कोण? मग जो तो पुढे झाला.